गाडीची थरथर

किल्ली परत करण्याआधी हणमंताने बॉनेट उघडलं आणि इंजिनाला जोडलेली हवेची एक बारीक नळी सैल करून ठेवली. इतकी वर्षं इमानाने गाडी चालवली आणि भोसेकर शेठनी पेट्रोलचोरीचा खोटा आळ घेऊन त्याला हाकललं होतं.

"भोगा आता," तो पुटपुटला.

तेव्हापासून गाडी धावताना ठीक असायची, पण सिग्नलला थांबली की हुडहुडी भरल्यासारखी थडथडायची. शेठनी मेकॅनिक बदलले, प्लग बदलले, उपयोग शून्य. प्रत्येक बातमीसरशी हणमंताच्या जिवाला थंडावा मिळायचा.

शेवटी शेठनीच त्याला बोलावलं. तो मिशीवर हात फिरवत गेला, तर फाटकाबाहेर नवा ड्रायव्हर डोळे पुसत उभा.

"यानंच गाडीची वाट लावली. आजच काढलाय त्याला," शेठ म्हणाले.

हणमंताचा चेहरा उतरला. त्याने नळी घट्ट बसवली, तशी गाडी शांत झाली.

"शाब्बास! उद्यापासून कामावर ये."

"नळी मीच सैल केली होती, शेठ," शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हणमंता म्हणाला. "दुसऱ्यांदाही तुम्ही चुकीच्याच माणसाला हाकललंत."