तांडेलांचा चार्जर

"बोटीच्या बॅटरीला हा तीसवाला द्या, झटपट भरेल." बाबांनी दुकानातल्या सगळ्यात दांडग्या चार्जरवर थाप मारली.

"बाबा, आपल्या शंभर अँपिअर-तासाच्या बॅटरीला दहा अँपिअर पुरतात. तीसने ती उकळेल. आधीची अशीच घालवलीत ना?"

दुकानदार हसला. बाबा बोट चालवतात म्हणून तो त्यांना तांडेलच म्हणतो. "तांडेल, पोरगी बोटीवर जाते वाटतं?"

"नाही, दहावीत जाते," मीच सांगितलं. "आणि भरल्यावर आपोआप बंद होणारा दाखवा. आमचे तांडेल चार्जर लावून खुशाल झोपतात."

"लोकांसमोर किती बोलशील, बाय?" बाबा पुटपुटले. "वीस वर्षं मासेमारी करतोय मी."

"करता हो! पण गेल्या महिन्यात ती आधीची बॅटरी भर समुद्रात बसली. इंजिन सुरू होईना, वायरलेस बंद. आई आणि मी संध्याकाळपर्यंत बंदरावर उभ्या होतो." हे हसत बोलायचं ठरवलं होतं, पण आवाजाने ऐकलं नाही.

बाबांनी तो दांडगा चार्जर मागे सरकवला. मग दुकानदाराला म्हणाले, "ती सांगते तो द्या."

बाहेर आल्यावर त्यांनी खोका माझ्या हातात दिला. "आता रोज बॅटरी चार्जिंगला लावायचं काम तुझं, इंजिनीअरबाई."

"लावीन की! तुम्ही फक्त ती रोज घरी आणायची."