खाटेजवळचा प्लग

कुवेतहून धाकटा भाऊ फ्रीज पाठवणार म्हणून फर्डिनंडने घरभर नवं वायरिंग करायला घेतलं. फ्रीजला पंधरा अँपियरचा प्लग, टीव्हीला एक, येशूच्या तसबिरीपुढच्या दिव्याला एक. तो बोट दाखवी, वायरमन काशीराम खूण करी.

मागच्या खोलीतून म्हातारी मटिल्डा म्हणाली, "बाबा काशीराम, माझ्या खाटेजवळपन एक दे. टेबलफॅन लावीन. उकाड्यानं जीव घाबरतो."

"मागे एवढी केळीची वाडी आहे, आई. वारा काय कमी येतो तुला?" असं म्हणून फर्डिनंडने काशीरामला पुढे नेलं.

मे महिन्यात मटिल्डा गेली. धाकटा कुवेतहून पोचेपर्यंत तिला तिच्याच खोलीत बर्फावर ठेवलं, आणि काशीरामला तातडीचं बोलावणं गेलं.


"उशाशी दोन प्लग दे रे, पंखे लावायचेत," फर्डिनंड म्हणाला. "या खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नाही."