भिंतीवरचा सिनेमा

कायद्याने अशा प्रेमाला गुन्हा ठरवलेले ते दिवस. दोन पुरुषांच्या संसारावरचा निरंजनचा सिनेमा कुठलंच थिएटर लावेना, म्हणून त्याने गावच्या घरी भिंतीवर चादर ताणून तो आपल्या आईला, माईला दाखवला. सिनेमात त्याचा जोडीदार झालेला श्रीधर शेजारीच अवघडून बसला होता.

सिनेमा संपल्यावर माईने दिवा लावला.

“त्यात पोळ्या हा श्रीधर लाटतो,” ती म्हणाली. “शहरातल्या तुमच्या खोलीतही तोच लाटतो?”

“हो, माई. सगळं खरंच आहे.”

ती उठून आत गेली. आता श्रीधरची बॅग बाहेर येणार, असं निरंजनला वाटलं. माई आली ती मूठभर मीठमोहऱ्या घेऊन.

“जवळजवळ बसा. नवरानवरीला बसवतात तसे.”

दोघांवरून मूठ उतरवत ती पुटपुटली, “आल्यागेल्याची, शेजारपाजाऱ्यांची, पोलिसाची, कोर्टकचेरीची, कुणाकुणाची दृष्ट न लागो माझ्या लेकरांना.”