कोरडा हौद

"सर, हमामात कुणाचे कपडे चोरीला गेले, तर तो घरी कसा जायचा?"

मैत्रिणीने, बुशराने, पैज लावली म्हणून मुक्ताने कुवेतजवळच्या फैलका बेटावरच्या शाळेच्या सहलीत, पडक्या हमामासमोर, अख्ख्या नववीदेखत हे विचारलं. वर्ग खिदळला. सर म्हणाले, "रोमन लोक शिशाच्या पत्र्यावर चोराला शाप लिहून हमामाच्या पाण्यात टाकायचे. नाव ठाऊक नसलं तरी चालायचं."

मुक्ताचं हसू विरलं. नव्वदच्या युद्धात आईबाबा तिला कडेवर घेऊन पळाले, तेव्हा फहाहीलच्या घराची किल्ली मागे राहिलेल्या बाबांच्या मित्राकडे, विद्याधरकाकांकडे होती. परतल्यावर आईच्या पाटल्या नव्हत्या. इराकी सैनिकांनी नेल्या, असं काका म्हणाले.

तिने वहीच्या पानावर लिहिलं, 'पाटल्या नेणाऱ्याला सोडू नकोस,' आणि कागदाचा बोळा हमामातल्या एका हौदात टाकला. कोरड्याठाक हौदातून डुबुक असा आवाज आला.

शुक्रवारी काका नेहमीसारखे जेवायला आले. भात कालवताना त्यांच्या दोन्ही मनगटांतून पाणी ठिबकू लागलं. पुसलं, तरी ठिबकतच राहिलं.

"वहिनी, एसी गळतोय वाटतं," काका हसत म्हणाले. वर कुणीच पाहिलं नाही.

संध्याकाळी जाब्रियाच्या हॉस्पिटलातून फोन आला. पाणी आता काकांच्या तोंडातूनही येत होतं.

मुक्ताने बेटावरच्या शापाचं सांगून टाकलं; बोळा नेमका कुठे टाकला, ते मात्र नाही. बाबांचा चेहरा उतरला. "उद्याच्या बोटीने जाऊ. तो कागद काढ, बाळा. माणूस जाईल."

आईने आपल्या रिकाम्या मनगटांवरून हात फिरवला.

"मी येणार नाही, बाबा," मुक्ता शांतपणे म्हणाली. "आणि काकांनी कबूल केल्याशिवाय तुम्हालाही जागा दाखवणार नाही."