निळा चिमटा

"आधी चिमटा, मग बटण. आणि तुझी फेरी झाली की गाडी काखोटीला मारून घरी पळू नकोस, धाकट्या. मैदानात उभा राहा. एवढं कर माझ्यासाठी."

डेलमारनं हे फेब्रुवारीत इस्पितळाच्या खाटेवरून सांगितलं होतं. आर्विड 'बरं' म्हणाला होता. जाणाऱ्या भावाला दुसरं काय म्हणणार? आता मे उजाडला होता. धान्याच्या कोठारामागच्या मातीच्या मैदानावर आर्विड फळीसमोर उभा होता. फळीला कपडे वाळत घालायचे सहा चिमटे लावलेले, सहा रंगांचे. त्यानं निळा काढून शर्टाच्या खिशाला लावला. या वेळी तो त्याच्या हातात ठेवणारं कुणी नव्हतं.

या क्लबात चाळीस वर्षांपूर्वीच्या घडणीच्याच गाड्या चालत. हातभर लांबीच्या, नारळाएवढ्या चाकांच्या. त्यांना दुरून चालवणारी हातातली रेडिओयंत्रंही तेव्हाचीच. प्रत्येक यंत्राची लहर एका रंगानं ओळखायची. एका रंगाची दोन यंत्रं एकदम चालू झाली, की एकाचा हुकूम दुसऱ्याची गाडी पाळते आणि दोन्ही भरकटतात. म्हणून ज्याच्याकडे त्या रंगाचा चिमटा, त्यानंच बटण दाबायचं. दोघा भावांचा रंग निळा. त्यामुळे बावीस वर्षांत ते एकमेकांविरुद्ध एकदाही पळाले नव्हते. डेलमार आधीच्या फेरीत पळायचा, चिमटा आर्विडच्या हातात ठेवायचा आणि मैदानात जायचा. नियमच होता तसा. ज्याची फेरी झाली, त्यानं पुढच्या फेरीत मैदानात थांबून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. आर्विडवर ती पाळी आली की डेलमार तिथूनच म्हणायचा, राहू दे, मी आहेच उभा. चार माणसांत जायचं म्हटलं की आर्विडला घाम फुटे. तो मुकाट्यानं पिकअपमध्ये जाऊन बसायचा.

रंग बदलून बघू या, असं त्यानं एकदा सुचवलं होतं. आपल्या जुन्या यंत्रांना दुसरा रंग मानवत नाही, असं डेलमारनं सांगितलं. विजेचं काम डेलमारचं, कानशीचं आणि स्क्रूचं आर्विडचं. विषय तिथंच मिटला.

डेलमार गेल्यावर उरलेला हिवाळा आर्विड गॅरेजात त्याच्या गाडीपाशी बसला होता. गाडी उडी मारून खाली आली की कोलांटी खायची. त्यानं सांगाडा दोन बोटं लांब केला. चाकांत नवी बेअरिंगं बसवली. नाकाशी शिशाचा तुकडा डकवला. काम करता करता तो न बघताच हात मागे करायचा आणि तळहातावर पेचकस पडायची वाट बघायचा. मग स्वतःच उठून घ्यायचा. ही गाडी मेच्या शर्यतीत एकदा पळवायची, म्हणजे शब्द पाळल्यासारखं होईल. मग दोन्ही गाड्या कपाटात. पुन्हा इथं यायचं नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं.

चालवणाऱ्यांच्या ओट्यावर तो डाव्या टोकाला, नेहमीच्या जागी उभा राहिला. शिट्टी झाली. चेपलेल्या खेळण्यातल्या मोटारी रांगेनं मांडल्या होत्या. पहिली गाडीनं सहज ओलांडली, दुसरीही. तिसरीवर पुढची चाकं उचलली, गाडी हवेत तिरकी झाली आणि टपावर आपटली. चारी चाकं आभाळाकडे करून फिरत राहिली.

"डेल, गाडी," आर्विड म्हणाला.

सवयीनं म्हणाला, हळूच म्हणाला, पण ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून एकजण धावत आला आणि त्यानं गाडी सरळ केली. तोवर शर्यत संपली होती.

आर्विड गाडी घेऊन फळीपाशी आला. क्लब निघाल्यापासून ती फळी मॅक्सीन सांभाळत होती. निळा आता कुणालाही द्या, मी यायचा नाही, असं तो तिला म्हणाला. तिनं चिमटा घेतला, पण फळीला लावला नाही.

"पिवळ्या रंगाची जोडी डेलमारनं माझ्याकडूनच नेली होती," ती म्हणाली. "दुसऱ्याच वर्षी. मी म्हटलं, आता दोघे भाऊ एकदम पळा, बघू तरी कोण हरतंय. तर म्हणतो कसा, मीही ओट्यावर चढलो तर त्याची गाडी उचलणार कोण? तो दुसऱ्या कुणाला हाक मारायचा नाही."

आर्विडनं ती जोडी पाहिली होती. हत्यारांच्या पेटीत, अगदी तळाशी. यंत्रात आणि गाडीत बसवले की रंग बदलणारे, पिवळ्या चिकटपट्टीचे नखाएवढे दोन स्फटिक, पाकिटाची टाचणीसुद्धा न काढलेली. दुकानदारानं चुकून दिले असतील, म्हणून त्यानं ते परत ठेवून दिले होते.

पुढच्या फेरीच्या गाड्या रांगेला लागत होत्या. तिसऱ्या मोटारीपाशी अजून कुणी नव्हतं. आर्विडनं गाडी मॅक्सीनच्या टेबलाखाली ठेवली. खिशातून डेलमारचे हातमोजे काढून चढवले आणि दोरीखालून वाकून तो मैदानात उतरला.

तिसऱ्या मोटारीच्या बाजूला माती दोन पावलांपुरती दबून दगडासारखी झाली होती. तिथं तो जाऊन उभा राहिला. तिथून शर्यत धड दिसतही नव्हती. दिसत होता तो फक्त समोरचा ओटा, आणि त्याच्या डाव्या टोकाची त्याची स्वतःची रिकामी जागा.