शंभर टक्के प्लेसमेंट

"त्या कॉलेजचं नाव काढू नकोस," असं म्हणून सलिलने बहिणीच्या हातातलं गुळगुळीत माहितीपत्रक टेबलावर आपटलं.

देवयानीचा चेहरा उतरला. "अरे दादा, एमबीएला इंटरनॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन आहे त्यांच्या. हा बघ ना सोनेरी शिक्का!"

"शिक्का काय, कल्याणात कुठलाही छापखाना मारून देईल. मान्यता देणारी संस्था स्वतःच्या वेबसाइटवर यादी टाकते. तिच्यात नाव शोध. इथे बारीक अक्षरांत काय लिहिलंय? सभासद. वर्गणी भरली की कोणीही सभासद होतं गं. मान्यता द्यायची तर ते लोक येऊन वर्ग बघतात, शिक्षक तपासतात, काही वर्षांनी परत येतात."

"तुला बरं सगळं तोंडपाठ!"

सलिलने चहा अर्धवट टाकला आणि ऑफिसला निघून गेला.

त्याच्या वडिलांचं, हरिहररावांचं, डोकंच फिरलं. हा स्वतः घोडबंदर रोडच्या बड्या कंपनीत मॅनेजर. याच्या एमबीएची फ्रेम हॉलमध्ये देवाच्या फोटोशेजारी. दर दसऱ्याला त्याची आई, सुमतीबाई, पाटीपुस्तकांबरोबर तिलाही झेंडूचा हार घालायच्या. त्या कागदापायी त्यांच्या पाटल्या गेल्या होत्या. त्याचं ते कल्याणचं कॉलेज पुढे बंद पडलं म्हणे, पण पोराचं भलं झालंच ना? मग बहिणीच्या वेळेलाच याने एवढे फाटे फोडावेत? लग्न झालेलं असतं तर सुनेने कान भरले असं तरी म्हणता आलं असतं.

"जळतो मेला," ते म्हणाले.

"असं नका हो बोलू," सुमतीबाई म्हणाल्या. पण त्यांनाही वाईट वाटलंच होतं.

प्रवेशाची शेवटची तारीख शनिवारची. सलिल सकाळीच बाहेर पडला. त्याच्या मागोमाग तासाभराने हे तिघंही कोपरच्या घराला कुलूप लावून निघाले. देवयानीने नवा ड्रेस घातला होता. दादाला संध्याकाळी सांगू, असं ठरलं होतं.

कॉलेजचं ऑफिस गारेगार होतं. भिंतीवर परदेशी नावांच्या पाट्या ओळीने टांगलेल्या. टेबलापलीकडे संचिता नावाची चुणचुणीत मुलगी बसली होती. हरिहररावांनी विचारायचं म्हणून विचारलं, "मान्यता आहे की नुसतं सभासदत्व?"

"अय्या, काका अभ्यास करून आलेत!" ती गोड हसली. "तेच ते हो. नावं वेगळी."

एवढं पुरलं. मुदत ठेव मोडून आणलेले पैसे हरिहररावांनी भरून टाकले. पावतीवर खाली छापलेलं होतं, भरलेली रक्कम परत मिळणार नाही. ते वाचूनही त्यांना काही वाटलं नाही. परत मागायचे कोणाला होते?

"काका, दोन मिनिटं बसा हं. आमचे सिनिअर सर पावतीवर सही करतील," संचिता म्हणाली आणि पावती आत पाठवली. "सर इथलेच विद्यार्थी आहेत. आम्ही आधी कल्याणला होतो, नाव दुसरं होतं, तेव्हाच्या बॅचचे. बाहेर कुठे काही जमेना त्यांचं, मग आमच्याकडेच अ‍ॅडमिशनला लागले. आठ वर्षं झाली. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतो आम्ही, ते काय उगाच?"

"बघ हो!" सुमतीबाईंनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून त्याची दोरी सोडली. "पहिला पेढा त्या सरांनाच देते."

आतलं दार उघडलं.

"अभिनंदन! अगदी योग्य ठिकाणी आलात," असं म्हणत, हातातल्या पावतीवर घाईघाईने सही करत, सलिल बाहेर आला.