निरोपाचा वेग

“आई, जातो गं.” मंगळावर अडकलेल्या सुमेधचा आवाज नियंत्रण कक्षात आला.

“मेल्या, जातो काय म्हणतोस? येतो म्हण!” त्याची आई सवयीनं माइकवर खेकसली.

मोहीमप्रमुखांनी मान खाली घातली. “ताई, त्याचा आवाज इथवर यायला वीस मिनिटं लागली. तो बोलला तेव्हाच हवा संपत आली होती. आता...”

“एवढा उशीर?”

“प्रकाशाच्या पुढे कुठलाच निरोप धावू शकत नाही. ही मर्यादा मोडता आली असती, तर सापेक्षतेच्या नियमानं घडण्याआधीच बातमी पोचू शकली असती.”

“मग पोचू द्यायची होती! दारातच अडवला असता त्याला.”

मग तिला मघाचा शब्द आठवला. तिनं जीभ चावली. “तो ‘मेल्या’ तेवढा परत घ्या हो!”

पण तो प्रकाशाच्या वेगानं मंगळाकडे निघाला होता. त्याला गाठेल असं जगात काहीच नव्हतं.